बाळंतपणात मन खचलं तर: गोव्यातल्या नव्या आईबापांसाठी मदतीची वाट

गोव्यात गरोदरपणाची नोंद कुठे करायची, सोनोग्राफी कधी काढायची, बाळाच्या लसी कधी, हे सांगणारी माणसं दारोदार भेटतात. पण सातव्या महिन्यात रात्र रात्र डोळा लागत नाही, किंवा बाळ मांडीवर आहे आणि त्याच्याकडे बघावंसंच वाटत नाही, अशा वेळी कुणाकडे जायचं हे विचारलं की घर गप्प होतं. फार तर एखादी मावशी म्हणते, ‘सगळ्यांचं असंच होतं गं, होईल बरं.’ मी डिचोली तालुक्यातली. पहिल्या बाळंतपणानंतर मला नैराश्य आलं, उपचार घेतले आणि बरी झाले. कुठल्या दाराशी जायचं, सोबत काय न्यायचं, डॉक्टरांपुढे काय बोलायचं हे मला एकेक करत कळत गेलं. ते इथं क्रमानं लिहिते, म्हणजे तुम्हांला ते सगळं एकदमच हाती लागेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. आपोआप बरं होईल म्हणून वाट बघायची मुदत दोन आठवडे. त्याच्यापुढे थांबायचं नाही, मग घरातलं कुणी काहीही म्हणो.

आणि पुढच्या परिस्थितीत दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: जीव द्यावासा वाटतोय, बाळाला काही करावंसं वाटतंय आणि ते बरोबरच आहे असं वाटतंय, कानात कुणी बोलल्यासारखं ऐकू येतंय, दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी बाई थकलेली दिसत नाही, असंबद्ध बोलते, घरच्यांवरच संशय घेते. अशा वेळी १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या गाडीनं बांबोळीला, गोमेकॉ या मोठ्या सरकारी इस्पितळात न्या. ११२ हा तातडीचा क्रमांक आहेच. बोलायला माणूस हवं असेल तर टेलिमानस, १४४१६. हा सरकारी मानसिक आरोग्याचा फोन आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा आकडा आत्ताच फोनमध्ये साठवा, नवऱ्याच्याही फोनमध्ये.

१. काय चाललंय ते ओळखा

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास बऱ्याच बायकांना उगाच रडू येतं. शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, टाके दुखत असतात, दूध उतरत असतं, झोप नसते. हे रडू आपलं आपण ओसरतं, दोन आठवड्यांत नक्कीच. त्याला औषध लागत नाही. विश्रांती आणि माणसांचा आधार लागतो.

नैराश्य वेगळं. ते बाळंतपणानंतर वर्षभरात केव्हाही येऊ शकतं, आणि पुष्कळदा गरोदरपणातच सुरू झालेलं असतं. मन सतत जड, कशातच रस नाही, भूक गेलेली, आपण आई म्हणून नालायक आहोत असं वाटणं, बारीकसारीक गोष्टीवर चिडणं. एक खूण मला सगळ्यात उपयोगी वाटते: बाळ झोपलंय, घर शांत आहे, तुम्हांला आडवं व्हायला मिळालंय, तरीही झोप येत नाही. नुसत्या थकव्यात असं होत नाही.

आपल्याकडे मनाचं दुखणं बहुतेक वेळा शरीराच्या तक्रारीतून बाहेर पडतं. बायका ‘मन उदास आहे’ असं म्हणत नाहीत. अशक्तपणा, छातीत धडधड, डोकं जड, कंबरदुखी, अंगावरून जातं, असं म्हणतात. घरच्यांनी हे कान देऊन ऐकावं. टॉनिकची बाटली दोनदा बदलून झाली तरी फरक नसेल तर प्रश्न वेगळा असू शकतो.

काही बायकांना उदासीपेक्षा भीतीच जास्त असते. बाळ श्वास घेतंय ना हे बघायला रात्रीत वीस वेळा उठायचं, हात पुन्हा पुन्हा धुवायचे, घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही. हीसुद्धा मदत घेण्याजोगी गोष्ट आहे.

तिसरा प्रकार दुर्मीळ आहे, हजार बाळंतपणांत एक-दोन. त्याला बाळंतवेड म्हणतात. तो बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, अचानक सुरू होतो. वर तातडीची म्हणून जी लक्षणं दिली ती बरीचशी याचीच. ज्या बाईला आधी बायपोलरचा आजार होता (यात मन कधी फार चढतं, कधी फार खचतं), किंवा जिला मागच्या बाळंतपणात असं झालं होतं, तिला याचा धोका बराच जास्त असतो. यावर इलाज आहे आणि बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात, पण त्यासाठी इस्पितळ लागतं.

स्वतःला तपासायचं असेल तर एडिनबरा प्रश्नावली आहे. १९८७ साली खास बाळंतिणींसाठी ती तयार झाली. १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दलचे, गुण ० ते ३०. १३ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटायचंच. १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा आणि तोवर कुणाला तरी सांगून ठेवा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथं शून्य सोडून काहीही आलं तर बाकीची बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी बोला. ही प्रश्नावली फक्त चाळणी आहे. निदान डॉक्टरच करतात.

२. पोटात बाळ असतानाच बोलून ठेवा

या विषयावर गोव्यातच मोठं काम झालेलं आहे. इथल्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यांच्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला होता, आणि निम्म्यांहून जास्त सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाली म्हणून घरात आलेली नाराजी, ही कारणं त्यात ठळक दिसली. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या एकटीचं नाही, माझ्या स्वभावाचा दोषही नाही.

म्हणून तपासणीला जाल तेव्हाच विषय काढा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची खास मोफत तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर नक्की भेटतात. गर्दी असते. तेव्हा एकच वाक्य ठरवून जा: ‘डॉक्टर, मला झोप लागत नाही आणि मन खूप खाली गेलंय, यासाठी कुणाला भेटू?’ इतकं पुरतं.

महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या बायकांसाठी एक सूचना. तिकडे घरी येणाऱ्या आशाताईंची सवय असते. गोव्यात आशाताई नाहीत. इथं घरी येणारी म्हणजे हेल्थ सेंटरची नर्स, आणि वाड्यावरची अंगणवाडीबाय. नर्सचा फोन नंबर पहिल्याच भेटीत मागून घ्या.

आधी कधी नैराश्य, बायपोलर, फिट्स किंवा इतर कशासाठी मनाची औषधं घेतली असतील तर ते पहिल्याच तपासणीत सांगा, सासरी माहीत नसलं तरी. नवऱ्याला किंवा सासूला बाहेर बसायला सांगून डॉक्टरांशी एकटीनं बोलायचा तुम्हांला हक्क आहे.

सापळा: दिवस गेल्याचं कळताच चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करणं. हे फार होतं, बाळाच्या काळजीपोटी होतं, आणि त्यातून आजार उसळून येतो. काही औषधं गरोदरपणात खरंच बदलावी लागतात. फिट्स आणि बायपोलरवर देतात ते व्हॅलप्रोएट त्यातलं मुख्य. पण बदल डॉक्टर करतात, हळूहळू आणि पर्याय देऊन. गोळी बंद करायच्या आधी फोन करा.

३. कागदपत्रं एका पिशवीत ठेवा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे फाईल सासरी पेडण्याला, बाई माहेरी दोडामार्गला आणि नवरा कामावर वेर्ण्याला. मनाचं दुखणं उभं राहिलं की नेमका कागदच सापडत नाही. म्हणून आठव्या महिन्यातच ही पिशवी भरा आणि ती बाईबरोबर जाऊ द्या:

- माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे अहवाल
- आधार कार्ड आणि गोव्यातल्या पत्त्याचा एक पुरावा. बाहेरच्या पत्त्यावर गोमेकॉत काही सेवांना पैसे लागू शकतात
- दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड किंवा खाजगी विम्याची पॉलिसी
- बाळंतपण झाल्यावर डिस्चार्ज कार्ड
- मनाच्या आजाराची आधीची चिठ्ठी असेल तर ती, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. आयुर्वेदिक काढे, गावठी औषधंसुद्धा
- एक साधी वही

वहीत रोज तीन गोष्टी लिहा: किती तास झोप, किती वेळा जेवण, आणि मन कसं होतं त्याबद्दल एक ओळ. डॉक्टरांपुढे बसल्यावर काही आठवत नाही, रडूच येतं. वही पुढे केली की काम होतं. तुम्हांला जमत नसेल तर नवऱ्यानं किंवा बहिणीनं लिहावं.

४. कुठल्या दाराशी जायचं

लोकांना वाटतं, मनाचं म्हटलं की थेट बांबोळी, आणि बांबोळी म्हटलं की गावभर बोभाटा. त्या भीतीनं महिने जातात. पण पहिलं दार त्याहून जवळ आहे.

सगळ्यात जवळ तुमचं हेल्थ सेंटर, जिथं तुमची गरोदरपणाची नोंद झाली आहे. तिथले डॉक्टर तपासून रक्त काढायला सांगतात आणि पुढची चिठ्ठी देतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ही दोन तपासण्या मागून घ्या. बाळंतपणानंतर काही बायकांचं थायरॉइड बिघडतं आणि ते हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. हे आधी बघितलेलं बरं.

त्यानंतर जिल्हा रुग्णालय. उत्तरेत म्हापसा, दक्षिणेत मडगाव. दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. प्रसूती विभागही त्याच इमारतीत असल्यामुळे तुम्ही कशासाठी आलात हे कुणाला कळायचं कारण नाही. बाळाला डॉक्टरांना दाखवायचं आणि स्वतःलाही, हे एकाच दिवशी जमवता येतं. काणकोण किंवा सांग्याहून येणाऱ्या बाईला हे फार मोलाचं, कारण बाळ घेऊन दोनदा कदंबाच्या सरकारी बसनं यायचं म्हणजे सगळा दिवस जातो.

बांबोळीला दोन जागा आहेत. एक गोमेकॉ, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, आणि दुसरी मनोविकारांची स्वतंत्र सरकारी संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. तिथं बाह्यरुग्ण विभाग आहे. म्हणजे बाकीच्या दवाखान्यांत जसं जातो तसं जायचं, केस पेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं, गोळ्या घेऊन घरी यायचं. बहुतेक बायकांना भरती व्हावं लागत नाही. रात्री-अपरात्री प्रसंग आला तर गोमेकॉचं कॅज्युअल्टी उघडं असतं. सकाळी लवकर पोचा, बाळाला सांभाळायला एक माणूस बरोबर घ्या, आणि अंगावर पाजत असाल तर ते काउंटरवर सांगा.

खाजगी डॉक्टर पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को या शहरांत मिळतात. इथं पाटी नीट वाचा. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तो लिहितो. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ बोलण्याचे उपचार करतो आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसतं ‘समुपदेशक’ लिहिलेलं असेल तर काय शिकलात, कुठे काम केलंत हे विचारायला संकोचू नका. चांगला माणूस राग धरत नाही.

संस्था. पर्वरीच्या ‘संगाथ’चं गोव्यात १९९६पासून मानसिक आरोग्यावर काम आहे. वस्तीतल्याच साध्या बायकांना शिकवून त्यांनी गरोदर आणि बाळंत बायकांच्या घरी पाठवलं, त्यांना सखी म्हणत. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले: सख्या ज्यांच्याकडे जात होत्या त्यांच्यात बऱ्या होणाऱ्या बायका जास्त निघाल्या. मला यातून कळलं ते हे की ऐकून घेणारी, आपल्याच भाषेत बोलणारी शेजारीणसुद्धा उपचाराचा भाग असते. म्हापशाला ‘कूज’ ही संस्था आत्महत्या रोखण्यासाठी काम करते.

आणि कुठेच जाता येत नसेल, दाराबाहेर पाऊल टाकू देत नसतील, तर परत तेच: १४४१६. घरात मारहाण होत असेल तर १८१, महिलांसाठीचा फोन. मार खाणाऱ्या बाईला नुसत्या गोळ्यांनी बरं वाटत नाही, म्हणून हे डॉक्टरांनाही सांगा.

५. डॉक्टरांपुढे काय सांगायचं

जे सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते, ते पहिलं सांगा.

पुष्कळ बायकांच्या मनात अचानक भयंकर चित्र येतं. बाळ हातातून विहिरीत पडलं तर? सुरी हातात आहे, आपल्याकडून काही झालं तर? बाई घाबरते, सुरी लपवून ठेवते, बाळाला उचलायचंच टाळते. आणि हे कुणाला सांगितलं तर मला वेडी ठरवून बाळ काढून घेतील म्हणून तोंड मिटून बसते. मी स्वतः यातून गेले आहे. अशा नको असलेल्या, भिववणाऱ्या विचारांना डॉक्टर चांगलं ओळखतात. तुम्हांला त्या विचारांची भीती वाटते, किळस वाटते, याचाच अर्थ ते तुमचे मनसुबे नाहीत. याउलट, बाळाला काही करणं योग्यच आहे, तशी आज्ञा झालीय, असं वाटत असेल तर ती तातडीची स्थिती. हा फरक डॉक्टर करतील. तुम्ही फक्त शब्द उच्चारायचे.

बाळ काढून घेतील ही भीती कायद्यालाही ठाऊक आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलेलं आहे की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करायचं नाही. बाळाला धोका आहे, किंवा वेगळं ठेवणं बाळाच्या हिताचं आणि सुरक्षिततेचं आहे, असं उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना वाटलं तरच वेगळं करता येतं, तेही तात्पुरतं. तुमची माहिती गुप्त ठेवणंही त्यांना बंधनकारक आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर २००९पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. फार अवघड आजारात तिकडे पाठवता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारता येतं.

भाषेची अडचण आली तर थांबवा आणि सांगा. एखादे डॉक्टर इंग्रजीत सुरू करतात, आपण मान हलवत राहतो. मराठीत किंवा कोंकणीत समजावून सांगा म्हणायचं. उठायच्या आधी चार गोष्टी विचारून वहीत लिहा: मला नेमकं काय झालंय, ही गोळी कशासाठी, किती दिवस, आणि त्रास वाढला तर कुणाला फोन करू.

६. औषध आणि अंगावरचं दूध

सौम्य त्रासात बोलण्याच्या उपचारांनी आणि घरच्यांच्या आधारानं भागतं. मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळ्या लागतात. ‘गोळ्या घेतेस तर बाळाला पाजू नकोस’ असं तुम्हांला नक्की कुणीतरी सांगणार. ते सरसकट खरं नाही. नैराश्यावरची सर्ट्रालिनसारखी औषधं दुधातून फार कमी जातात आणि पाजणाऱ्या आयांना जगभर दिली जातात. तुमच्यासाठी कुठलं, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. बाळ वेळेआधी जन्मलं असेल किंवा वजनाला कमी असेल तर ते आवर्जून सांगा.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते आणि गुण मात्र दिसत नाही. पुष्कळ बायका इथंच गोळी सोडतात. धरून ठेवा, त्रास फार झाला तर फोन करा. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण एकदम तोडल्या तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून कमी करत आणतात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते. त्या चिठ्ठीशिवाय, शेजारणीच्या सांगण्यावरून अजिबात घेऊ नका.

आणि दूध आलंच नाही, किंवा पाजायचं जमलंच नाही, तर तो गुन्हा नव्हे. पाजण्याच्या हट्टापायी बाई दिवसरात्र रडत असेल तर डॉक्टरांशी बोलून वरचं दूध देता येतं.

७. घरात काय बदलायचं

हा भाग घरच्यांनी वाचावा.

झोप हे पहिलं औषध. बाळंतिणीला चोवीस तासांत सलग चार-पाच तास झोप मिळालीच पाहिजे, हा नियम घराला लावून घ्या. रात्रीचं एक पाजणं नवऱ्यानं किंवा आजीनं काढून ठेवलेल्या दुधावर करावं. स्वच्छ झाकलेल्या भांड्यात, घरात फार उकाडा नसेल तर ते चार तास टिकतं, फ्रिजमध्ये दिवसभर.

आपल्या बाळंतपणाच्या रीतींत बरंच चांगलं आहे. तेल लावणं, गरम पाणी, गरम जेवण, बाईला कामाला न लावणं, हे सगळं तिच्या बाजूचं आहे. पण सोयराच्या नावाखाली बाई एका खोलीत दिवसचे दिवस एकटी पडते, ते मनाला मारक. विटाळ पाळायचा तो पाळा, पण तिच्याशी बोलायला माणूस बसवा. खोलीत शेगडीची धुरी कोंडू नका. बाळाच्या छातीला तर वाईटच, तिलाही गुदमरतं. सटीला आणि बाराव्याला गाव लोटतो. त्या दिवशी तिला दमल्यासारखं वाटलं तर आत झोपू द्यावं, पाहुण्यांची समजूत घालायला घरातली मोठी माणसं आहेत.

दिष्ट काढणं, देवाला गाऱ्हाणं घालणं, कौल घेणं हे आपल्याकडे होतं आणि त्यानं घराला धीर येतो. त्याला माझा विरोध नाही. माझ्यासाठीही आईनं गाऱ्हाणं घातलं होतं. फक्त कौल मिळेपर्यंत दवाखाना थांबवू नका. आणि जिथं उपाशी ठेवतात, मारतात, धूर देतात किंवा चालू गोळ्या बंद करायला सांगतात, तिथं तिला नेऊ नका.

‘मुलगी झाली’ असं सुस्कारा टाकून बोलणाऱ्याला दारातच थांबवा. हे काम नवऱ्याचं आहे.

बाळाला लसीला नेता ते दिवस आईसाठीही वापरा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीला तुम्ही हेल्थ सेंटरला जाणारच आहात. तिथंच नर्सला सांगा, माझंही बघा. मला पहिल्यांदा ‘बाय, तू कशी आहेस?’ असं विचारलं ते लस देणाऱ्या नर्सनंच, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

८. बापांसाठी

नवे बापही खचतात. जगभरच्या अभ्यासांचा हिशेब साधारण दहांत एक असा निघतो, आणि बायको नैराश्यात असेल तर धोका वाढतो. पुरुषांत ते रडण्यातून कमी आणि चिडचिड, उशिरापर्यंत बाहेर राहणं, दारू वाढणं यांतून जास्त दिसतं. गोव्यात दारू हाताशी आहे, म्हणून हे लवकर लक्षात घ्या. वर दिलेली सगळी दारं तुमच्यासाठीही उघडी आहेत.

जहाजावर असणाऱ्यांचं वेगळं. बाळंतपणाच्या वेळी तुम्ही दर्यावर, सहा-सात महिन्यांनी घरी येता आणि मूल तुम्हांला परकं समजून रडतं. बायकोनं सगळं एकटीनं निभावलेलं असतं, तिचा राग साचलेला असतो. जायच्या आधीच एक माणूस नेमून जा, जो आठवड्यातून दोनदा प्रत्यक्ष घरी जाऊन तिला बघेल. व्हिडिओ कॉलवर बायको हसते तेवढ्यावर विसंबू नका. त्या माणसाला विचारा, ती जेवते का, झोपते का, अंघोळ करते का.

९. नोकरी आणि रजा

नोकरदार बाईला कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि बाळंतपणातून आलेल्या आजारपणासाठी पुराव्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मागता येते. या दुखण्याचा दाखला त्यासाठी डॉक्टरांकडून मागा. गर्भपात झाला तरी सहा आठवड्यांची रजा आहे. जिचं मूल पोटातच दगावलं त्या बाईला, किंवा ज्यांचं बाळ आठवडेच्या आठवडे काचेच्या पेटीत आहे त्या आईबापांना, कुणी बाळंतीण म्हणून विचारत नाही. पण हा लेख त्यांच्यासाठीही आहे. पहिलं दार त्यांचंही तेच, आणि मुदतही तीच.

१०. बरं वाटल्यावर

एक दिवस लक्षात येतं की सकाळ जड वाटली नाही. त्या आनंदात पुढची तारीख चुकवू नका. केस पेपर, गोळ्यांची नावं आणि मात्रा, वही, सगळं जपून ठेवा आणि फोनवर फोटो काढून ठेवा. पुन्हा बाळाचा विचार असेल तर दिवस जायच्या आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. एकदा नैराश्य आलेल्या बाईला पुढच्या खेपेला ते यायची शक्यता जास्त असते, पण आधी कळलं तर औषध, तपासणीच्या तारखा आणि घरातली माणसं आधीच ठरवता येतात. कोण रात्री उठेल, कोण बांबोळीला बरोबर येईल, मोठ्या मुलाला कोण सांभाळेल, ही नावं एका कागदावर लिहून माता-बाल कार्डाला टाचून ठेवा, आणि एक प्रत नर्सकडे द्या.